अनोळखी, क्रमांक सात

हवालदार मुकादम गुहागरहून एस.टी.ने रत्नागिरीला आले,
मांडीवर मुद्देमालाची पिशवी, पिशवीवर लाखेचं सील,
सीलला सुकटीचा वास.
शेजारच्या बाईची टोपली होती, म्हणाले, मॅडम, माफ करा.
मी नोंदवहीत वास लिहीत नाही.

तीन पुड्या, बोटाच्या पेराएवढ्या,
वर हसणारा डॉल्फिन,
पर्यटकांच्या बोटींच्या पाट्यांवर असतो तसाच.
आणि चौथी वस्तू, नळी: रक्त, दोन मिलिलिटर.
साईराज जांभारकर, वय एकोणीस, ट्रॉलरवर खलाशी.
सलग तिसऱ्या रात्री जाळं ओढताना
कुणीतरी म्हणालं, हे घे, झोप येणार नाही.
आली नाही.
चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी तो
सिव्हिलच्या कॉटवर पडून
छतावरची मासळी मोजत होता.

मशीनला घाई नसते.
खिडकीबाहेर भाट्याची खाडी ओसरत होती तेव्हा,
अकरा मिनिटं बेचाळीस सेकंदांनी,
पडद्यावर एक सुळका उभा राहिला,
सपाट पाण्यात अचानक दिसावा खडक,
नकाशात नसलेला.
लायब्ररीत लाखो नावं. मशीनने सगळी दारं ठोठावली
आणि लिहिलं: जुळणी नाही.

माझी आत्या हर्णैच्या लिलावात
डोळे मिटून, नुसत्या खवल्यांवरून सांगायची:
हा सौंदाळा, ही लेपी, ही मुडदुशी,
आणि हा, हा तारलीच्या वेषातला दुसराच कुणी.
मी तिचीच भाची. तुकडे चाचपत बसले.
हा ओळखीचा. हासुद्धा.
मागच्या वर्षीच्या मालाचाच सांगाडा,
शेपटीला फक्त एक कार्बन जास्त.
कायद्याच्या यादीत मागच्या वर्षीचा आहे, हा नाही.
खेकडा कवच टाकून बिळाबाहेर येतो, मऊ, नवा,
आणि विचारतो, कोण खेकडा?

गुरुवारी गेटवर साईराजची आई.
आत सोडत नाहीत. हातमोजे काढून मीच बाहेर गेले.
वाचेल का, असं तिने विचारलं नाही.
"बाय, त्याचा नाव काय?"
मला वाटलं, विकणाऱ्याचं.
"नाय गो. त्या पुडीतल्याचा.
देवीला गाऱ्हाणा घालायचा हाय.
नाव घेतल्याबिगार गुरव तरी काय सांगील तिला,
कुणाला हाकल म्हणून?"

अजून नाव नाही, मी म्हणाले.
ती माझ्याकडे बघत राहिली,
जणू बारशाला बोलावलेली आत्या
पाळण्यापाशी येऊन गप्प उभी आहे.

अहवालात लिहिलं: यादीतील कोणताही पदार्थ आढळला नाही.
हे खरं आहे. या खऱ्यावर मी सही केली.
खाली, नियमात बसेल तेवढ्या जागेत:
अनोळखी, क्रमांक सात. आलेख सोबत.
आणि तो आलेख पाठवत राहिले,
पणजीला, हैदराबादला, जिथे जिथे
माझ्यासारखं कुणी जेवणाचा डबा न उघडता
सुळके बघत बसलं असेल.

सात आठवड्यांनी पणजीहून फोन.
आमच्याकडेही आलाय तो. नाव ठरलं.
नाव सांगायला त्याला मध्ये एकदा श्वास घ्यावा लागला.
मी ते उतरवून घेतलं, मराठीत, तोडून तोडून,
गुरवाच्या जिभेला झेपेल असं.

मुकादम आले तेव्हा चिठ्ठी दिली.
त्यांनी दोनदा वाचली, ओठ हलवत,
मग घडी करून टोपीत ठेवली.
पोरगा घरी आलाय, म्हणाले. बोटीवर जात नाही.
दारात बसून जाळी सांधतो,
दर दोन गाठींमागे एक चुकते,
आई रात्री सोडवून परत घालते.

मग त्यांनी टेबलावर पिशवी ठेवली. लाखेचं सील.
मी नोंदवही उघडली.
या वेळी पुड्यांवर कासव होतं.