मिसळ आणि पाव

शालिमारच्या दुकानदाराने शपथेवर सांगितलं होतं,
दोन्ही माद्याच आहेत म्हणून.
शाल्मलीने नावं ठेवली मिसळ आणि पाव,
आणि माझ्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये, टीव्हीशेजारी,
एका काचेच्या पेटीत दोन पाली राहायला आल्या.
पिवळ्या, अंगभर काळे ठिपके.
बिबट्या पाल म्हणतात.
खरा बिबट्या गंगापूर रोडला शिरला की अख्खी कॉलनी दारं लावून बसते,
हे वीतभर बिबटे
झुरळ दिसलं की शेपटीचं टोक तेवढं थरथरवतात.

मी अठ्ठावीस वर्षं एएनएम.
पेठ, सुरगाणा, हरसूल.
दुकानदारांच्या शपथा मला नका सांगू.
पावला तळहातावर घेतलं, खालून टॉर्च धरला,
कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला.
मागच्या पायांच्या मधोमध
बारीक छिद्रांची ओळ, छपरासारखी मधे उंच,
आणि शेपटीच्या मुळाशी दोन फुगवटे.
आयुष्यभर मी गावोगावच्या भिंतींवर
लाल त्रिकोण रंगवून घेतला.
इथे त्याच्याच दोन बाजू,
नेमक्या उलट्या कामाला.

"शाल्मली, ही बाई नाही गं.
हे जावईबापू आहेत."

उशीर झालाच होता.
ओल्या शेवाळाच्या डब्यात दोन अंडी,
बोरापेक्षा लांबट, चामड्यासारखी,
बोट लावलं की किंचित दबणारी.
"राहू दे ना मावशी, बाळं होतील."
होतील. मग?
हंगामात दहा-बारा. मोठी झाली की प्रत्येकाला वेगळी पेटी,
वेगळा दिवा, वेगळं झुरळ.
या सोसायटीत मांजरीचं पिल्लू कोणी घेत नाही,
पाल घेणार?
बोलता बोलता लक्षात आलं,
हा आवाज मी कुठे वापरायचे.

अंडी फ्रीजरमध्ये. त्याच दिवशी,
टॉर्चच्या उजेडात तांबड्या शिरा दिसायच्या आत.
मटारच्या पिशवीमागे, स्टीलच्या डबीत.
भद्रकालीच्या काचवाल्याकडून दुसरी पेटी आणली,
पाव तिकडे गेला.
दोघांच्या मधे जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा,
एकमेकांना दिसायलाही नकोत.

तरी तीन आठवड्यांनी मिसळने पुन्हा दोन घातली.
शाल्मलीने पुठ्ठा तपासला, झाकण तपासलं,
मग माझ्याकडे पाहिलं.
सांगितलं तिला,
नराचं बीज मादीच्या पोटात महिनोन्‌महिने टिकतं.
भेट एकदाच झालेली असते,
बाकी सगळं ती एकटी करते.
तिला कॅल्शियम जास्त दे.
एवढं बोलून मी ओट्याशी गेले.

हरसूलची जानकी भोये.
मार्च संपत आलेला, शाळेत शिबिर,
बाकं जोडून केलेली टेबलं.
माझ्या वहीत आकडा पुरा व्हायला तीन कमी.
रांगेत ती माझ्याकडे वळून म्हणाली,
"सिस्टर, तुमाला कुनी इचारलं होतं का, किती पायजेत?"
मी स्टॅम्पपॅड पुढे केलं.
तिने अंगठा दिला.
पाचवं नको असं ती म्हणाली होती, की तिचा नवरा,
हे मी हल्ली रात्री आठवून पाहते.
वहीत तसा रकानाच नव्हता.

मिसळ काही शोधत नाही.
अंडी उचलली की डब्यातून बाहेर येते,
तापलेल्या फरशीवर पोट टेकते, डोळा चाटते.
पालींना कळत नाही असं शाल्मली वाचून सांगते.
असेल.
मी कॅल्शियमची चिमूट टाकते
आणि तारीख लिहून ठेवते, सवय.

शनिवारी दुपारी वीज गेली.
शाल्मली आइस्क्रीमसाठी उठली.
"थांब," मी म्हटलं, "वीज येईपर्यंत फ्रीजर उघडायचा नाही."
"का? ती तर कधीच..."
"थांब म्हटलं ना."
दोन तास वीज आली नाही.
मी स्वयंपाकघरातच बसून राहिले, खुर्ची दाराला लावून.
मटार भिजायला लागले असतील.