हात बांधताना

दोघांपैकी कोण, एवढंच सांगा मास्तर,
पांढऱ्या बुटांचा माणूस म्हणाला,
माझगावच्या गोदामावरचा आमचा लाकडी जिना
धापा टाकत चढून आलेला.
लढती भरवतो. पैसा लावायचाय.
मी म्हटलं, बसा.
हात बांधायचेत अजून.

आधी वैती. हरेश्वर. वरळी कोळीवाड्याचा.
जाळं ओढायला करावा तसा हात पुढे करतो,
तळवा खाली, मान दुसरीकडे.
अंगठ्यात फास, मनगटाला तीन वेढे,
मग बोटांच्या बेचक्यांतून एकेक.
मूठ वरवंट्यासारखी, जड आणि गुळगुळीत.
हा पुढेच चालतो.
मागचं पाऊल मी शिकवलं होतं, तो विसरला.
बरगडीखाली मारतो आणि थांबतो,
गळाचा मासा दमू द्यावा तसा.
सहा लढती, सहा विजय,
पाचांत पंचाचे दहा आकडेही पुरे झाले नाहीत.
शिट्ट्या ह्याला पडतात.
पण डावी भुवई!
कांद्याचा पापुद्रा.
चार वेळा मी ती माझ्या अंगठ्याने मिटवलीय,
एका मिनिटात, घंटेच्या आत.

मग झुबेर मुकादम, नागपाड्याचा, डावखुरा.
दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासतो,
अंतराचा अंदाज तिथूनच आला असावा.
समोरच्याचा ठोसा पोचतो तेव्हा
हा तिथून निघून गेलेला असतो,
भाडं न देता खोली सोडावी तसा.
त्याचा जॅब म्हणजे दारावरची टकटक,
आत कोण आहे, एवढंच विचारणारी.
पाच जिंकला, एक बरोबरीत,
सगळं गुणांवर. लोक जांभया देतात.
बोटं लांब, पट्टी कमी पडते.
डाव्या हाताच्या मधल्या गाठीवर मी जरा दाबलं
आणि त्याच्या डोळ्याची पापणी हलली.
त्याने कुणाला सांगितलेलं नाही.
मीही नाही.

होतकरू.
हा शब्द गोदीच्या संघात असताना माझ्याही नावापुढे होता.
ओल्या पट्टीसारखा असतो तो,
घाम प्यायला की आवळत जातो.
तेहतिसाव्या वर्षीही मी होतकरूच होतो.
मग एके दिवशी कुणी काहीच म्हणेना,
आणि माझ्या हातात कात्री आली, चिकटपट्टी आली,
दुसऱ्यांच्या मुठी आल्या.

घंटा.
खरातांची प्रचिती घड्याळ धरून उभी.
पहिल्या तीन फेऱ्या नेहमीच्याच,
एक रेटतोय, एक सटकतोय,
पाहुणे फोनवर कुणाशी तरी हॉलचं भाडं पाडून मागतायत.
चौथ्या फेरीत, शेवटच्या वीस सेकंदांत,
वैती एक पाऊल मागे आला.
एकच.
मुकादमचा डावा त्याच्या नाकासमोरून वाऱ्यावर गेला.
आणि मुकादम, ज्याला आजवर कुणी थांबलेलं पाहिलं नाही,
तो थांबला, टाचा रोवल्या,
वैतीच्या बरगडीखाली घातला एक,
थेट वैतीचाच.

दोघेही हसले. दातांवरचं रबर दिसलं.
कुठल्या गुरुवारी कुणी कुणाच्या खिशातून काय काढलं,
मला पत्ता नाही.
प्रचितीने माझ्याकडे बघितलं,
घंटा द्यायला दोन सेकंद उशीर केला.
मी ओरडलो नाही.

फोन ठेवून ते म्हणाले, हं, मग कोण?
मी पट्ट्या सोडवत होतो.
साडेचार मीटर, साडेचार मीटर,
बादलीत पडल्या की कोणती कुणाची ते कळत नाही.
म्हटलं, एकाची भुवई आणि एकाचा हात
आधी चांगल्या डॉक्टरला दाखवा, तुमच्या खर्चाने.
मग विचारा.

विचार करतो, म्हणाले.
जिना उतरताना कठडा घट्ट धरला होता त्यांनी,
प्रत्येक पायरीवर डावा पाय आधी.
उजवा गुडघा, मी प्रचितीला म्हटलं.
ती म्हणाली, आणि डाव्या बाजूने उघडे.