फरक

सहकारनगरच्या टँकवर
पहाटेची बॅच उतरायच्या आधी
मी कठड्याशी गुडघे टेकते,
नळीत पाणी भरून घेते.

पहिली गोळी : फिकट गुलाबी.
हा मोकळा क्लोरीन. अजून कुणाला न भेटलेला.
दुसरी गोळी : रंग गडद होतो,
डाळिंब सोलताना बोटांना लागतो तेवढा.
दोहोंतला फरक वहीत लिहायचा.
तो फरक म्हणजे आपण.

घाम, थुंकी, डोक्याचं खोबरेल,
आणि जे कुणीच कबूल करत नाही ते.

"आज क्लोरीन फार ओतलंय हो,"
बाहेर येऊन खळदकर वकील डोळे चोळतात.
त्यांच्या वाटेवरचा शॉवर
कोरडा ठणठणीत.
मी काही बोलत नाही.
क्लोरीनला एवढा वास नसतो, वकीलसाहेब.
हा त्याचा आणि तुमचा मिळून.
तो कमी पडलाय, म्हणून येतोय.

हे मी कॉलेजात शिकले, तिसऱ्या वर्षाला.
बाईंनी फळ्यावर नायट्रोजन काढला,
तीन हात पसरलेला,
प्रत्येक हाताला एकेक क्लोरीन,
आणि बाकावर बसल्या बसल्या
माझ्या नाकात बाबांचा खाकी शर्ट आला.

बावीस वर्षं ते याच पंपघरात.
पिपातली पावडर बादलीत कालवायचे
नाकाला आईच्या जुन्या पातळाची पट्टी बांधून.
घरी आले की मी कुशीत तोंड खुपसायचे :
गार, निळा, धुतल्यासारखा वास.
मला वाटायचं, बाबांचाच.

तर तो अख्ख्या पेठेचा होता.
पद्मावतीच्या, धनकवडीच्या,
उन्हाळी सुट्टीत रांग लावणाऱ्या
चारशे पोरांचा.

बाबांना सांगितलं तेव्हा ते हसले. खोकले. परत हसले.
"मग काय, अत्तर लावून येत होतो?"

सूत्र त्यांना ठाऊक नव्हतं.
वास मारायला लागला की हात आखडायचा नाही,
एवढं ठाऊक होतं.
सोमवारी टँक बंद, तेव्हा रात्री एकटे
दहापट ओतायचे.
आधी वास उसळायचा, डोळ्यांत घुसायचा,
मग पहाटे कधीतरी तुटायचा.
आणि पाणी नुसतं पाणी.
बघायला ते एकटेच.

आता जिना चढताना मध्ये थांबतात.
डॉक्टर म्हणतात, वय.
मी पंपघरातल्या जुन्या वह्या काढल्या,
झुरळांनी कडा खाल्लेल्या.
आकड्यांच्या रकान्यात आकडे नाहीतच.
त्यांच्या तिरप्या अक्षरात :
बराच.
जरा बरा.
मे महिना.

शिट्टी वाजते. कुणीतरी उडी मारतं,
माझी वही भिजते.
आज मी लिहिलंय, शून्य पूर्णांक आठ.
आणि शेजारी, बारीक अक्षरात,
बराच.