जुर्जित्सासाठी, मी परत येईपर्यंत

किल्ली खिडकीतल्या रिकाम्या कुंडीखाली आहे.
मांजराचं फार मनावर घेऊ नकोस,
ते मातिल्दाकडे जेवून येतं आणि इथे उपाशी असल्याचं सांगतं.
सकाळच्या बोटीने मी स्प्लिटला जाते आहे,
खुब्याचा सांधा बदलायला.
डॉक्टर म्हणतो तीन आठवडे. तू पाच धर.

आता लव्हेंडर.
दारापासून टाक्यापर्यंत अकरा झुडपं आहेत.
त्यांना पाणी घालू नकोस.

तू स्लावोनियाची. तिकडची माती काळी, लोण्यासारखी,
काठी रोवली तरी पालवते म्हणतात.
इथे ह्वारवर आम्ही दगड वेचून बांध घातले
आणि बांधांच्या आत पुन्हा दगडच निघाले.
ही जात कोरडवाहू.
बुडाशी आळं करशील, शेणखत घालशील,
तर झुडूप माजेल, फुलायचं विसरेल
आणि पहिल्याच ओल्या हिवाळ्यात बसल्या जागी कुजेल.
मलूल वाटलं तर मातीत बोट खुपस, दोन पेरांपर्यंत.
कोरडं लागलं?
छान. घरात जा. कॉफी कर.

छाटणी मात्र तुझ्यावरच आली.
बहर सरला तरी माझ्याने यंदा उकिडवं बसवेना.
पहाटे नको, दव असतं.
दहाच्या सुमाराला बस, कात्री घेऊन.
भिंतीवरचा विळा प्रोश्पेरचा, तो राहू दे तिथेच.
विळा डोंगरावर चालायचा,
डोंगर आमचा होता तेव्हा, आणि जूनअखेर सगळा जांभळा.
मग एका दुपारी वारा फिरला आणि जाळ वर चढला.
उतारभर जळत्या तेलाचा वास,
इतका गोड
की श्वास घ्यायची लाज वाटली.
ही अकरा त्या डोंगराची.
बांधाच्या सावलीत एक झुडूप अर्धं वाचलं होतं,
त्याचे फाटे प्रोश्पेरने टोपीत घालून आणले.

तर कात्री.
हिरव्यात चालव. करड्या लाकडात शिरू नकोस.
हिरव्याला फुटवा येतो. करड्याला येत नाही,
कितीही वाट पाहिली तरी.
गोल, बुटकं ठेव, मेंढीच्या पाठीसारखं,
म्हणजे बुरा सुटला की वारा वरून निघून जातो.

टाक्यापाशी एक नुसतं खोड दिसेल.
ते अकरात धरलेलं नाही.
उपटू नकोस.
त्या फेब्रुवारीत प्रोश्पेरला घोट गिळता येईना.
नर्स ओल्या कापसाने ओठ पुसायची, तेवढंच.
मी सवयीने पेला भरायची,
उशाशी धरून उभी राहायची,
मग बाहेर जाऊन त्या झुडपाला घालायची.
दिवसातून आठदा. नऊदा.
चाळीस वर्षं लव्हेंडर केलेल्या बाईला
कळत नव्हतं होय?
कळत होतं.
कुणाला तरी पाणी पाजायचं होतं, झालं.

तुझे हात शिवशिवतील, मला माहीत आहे.
परवा तू कुंपणाच्या खुंटालाही पाणी घालत होतीस.
तेव्हा असं कर:
छाटलेल्यातले बिनफुलाचे शेंडे निवड, बोटाएवढे,
खालची पानं ओरबाडून टाक,
दह्याच्या डब्यांना भोकं पाड, वाळू भर, खोच.
मातिल्दा म्हणेल, सहा पुरे. तू वीस लाव.
काही मरतातच.
या पोरांना मात्र पाणी लागतं, रोज, चमचा-दोन चमचे,
अजून मुळं नाहीत म्हणून.
मुळं धरली की हात आखडता घे.
धरली की नाही ते असं कळतं:
शेंडा हलकेच ओढायचा,
आणि तो आपल्याला ओढतो.

खिडकीच्या झडपा रात्री लावून घे.
बिल आलं तर टेबलावर ठेव, भरू नकोस.

पेरिना