राहिलेली संध्याकाळ

व्हिएतनाममध्ये ह्यू नावाचं गाव आहे.
नाव घेतलं की बशीतल्या चहावर फुंकर मारल्यासारखं होतं.
तिथली शेवटची संध्याकाळ
आम्ही बॅगेचं वजन करण्यात घालवली.

मुभा तेवीस किलोची, आमची भरत होती तेवीस-आठशे.
ह्यांचा जन्म गेला सावद्याला, केळीच्या काट्यावर.
घडाचा दांडा किती धरायचा, ओल किती सोडायची,
ट्रकवाल्याशी कधी वाद घातला नाही म्हणतात,
आणि आठशे ग्रॅमसाठी हा माणूस
हॉटेलच्या पलंगावर मांडी घालून
माझी पातळं एकेक करून तळहातावर जोखत बसला.
मी म्हटलं, लोणच्याची बरणी काढा.
म्हणाले, रिकामी आहे.
मग कशाला परत न्यायची?
म्हणाले, आपली आहे.

खिडकीखाली नदी होती.
घाटावर एक बाई, डोक्यावर सुपासारखी टोपी,
बोटीच्या टोकाशी उभी राहून हात करत होती,
या, या, आणि भाडं बोटांवर.
मी वरून खूण केली: थांब, आलेच.
भांडण मिटलं तेव्हा घाटावर कुणी नव्हतं.
पहाटे चारला गाडी.

पाच महिने झाले,
तो वर केलेला हात माझ्या खांद्यात दुखतो.

आज सावद्याला पंचेचाळीस.
दुपारी कावळासुद्धा कौलावर पाय टेकत नव्हता.
उन्हं कलल्यावर ह्यांनी गच्चीवर बादल्यांनी पाणी मारलं,
फरशी चर्र झाली, वाफ सोडली, मग निवली.
बाज टाकली.
तिकडून आणलेल्या पुडीत कॉफी उरली होती दोनच चमचे.
मी म्हटलं, आज ती संध्याकाळ घेऊन टाकू.
कोणती, असं त्यांनी विचारलं नाही.
खाली जाऊन धुतलेला सदरा घालून आले.

पेल्यात डब्याचं दाट दूध,
पेल्यावर ते टोपणाएवढं गाळणं.
थेंब.
मग बराच वेळ काही नाही.
मग थेंब.
पलीकडच्या गच्चीवरून कुमुद फिरके ओरडली,
"काय करू रायले वं?"
"कॉफी गळू रायली," हे म्हणाले, "पाहू रायलो."
तिला ते पटलं असावं. तिनं कूलर लावला.

मग हे त्या केळीवाल्याचं बोलत बसले.
बस थांबवायला लावून हे त्याच्या बागेत शिरले होते,
पान उलटं करून, मराठीत, जरा दरडावूनच म्हणाले होते,
करपा आहे, आत्ताच फवार.
त्यानं मान डोलावली, आपल्या भाषेत कितीतरी सांगितलं,
शेवटी करंगळीएवढी केळी आणून ह्यांच्या ओंजळीत ठेवली.
"फवारलं असेल का गं त्यानं?"
मी म्हटलं, फवारलं असेल.

ओल्या फरशीत बल्ब लांबलचक होऊन पडला होता.
कुमुदचा कूलर घरघरत होता, बाज किंचित हलत होती,
ह्यांना पाय हलवायची सवयच आहे.
उत्तरेला सातपुड्यात कुठेतरी वणवा,
इथून नुसती बारीक तांबडी रेघ,
पैलतीराची वस्ती असावी तशी.
मी पदर खोचून घेतला. वारा नव्हता, तरी.

अर्धा पेला त्यांनी प्यायला, अर्धा मी,
कडू-गोड, तळाशी दाट,
बोट घालून चाटलं तेही सांगते.
मग त्यांनी खिशातून ती निळी नोट काढली,
वीस हजारांची,
जी इथं कुठल्याच बँकेनं घेतली नाही.
कठड्यावर ठेवली, वर खडा.
"तिला," म्हणाले.
मोजले नाहीत, घासाघीस नाही.

तेवढ्यात लाइट गेली.
आख्खं सावदा एकदम काळं,
कूलर दोन गचके खाऊन थांबला.
मी उठायला लागले, मेणबत्तीसाठी.
ह्यांनी मनगट धरलं.
"बस. इंजिन बंद केलंय तिनं.
आता वाहू दे जरा."