खडूची रेघ

रात्रभर आडगाव नाक्याला उभी गाडी.
पहाटे पावणेपाचला, टायर गार असतानाच
पेखळे मिस्त्री चाकाशी उकिडवा बसला
आणि बराच वेळ काही बोललाच नाही.

टायर नवे. कंपनीचे नव्हेत,
अंबडला घासाघीस करून घेतलेले,
मूळ मापाहून दोन बोटं रुंद.
निम्मे पैसे भावाचे, म्हणून रात्री फोनवर
निम्मं भांडणही त्याचंच.

दाराच्या आतल्या पट्टीवरचा आकडा जुन्या टायरांचा.
आता ती दुसऱ्याच्या पायाची चप्पल.

"मग किती भरायची? बाजूवर एकशे वीस लिहिलंय."
"ते त्याला सोसवतं किती, ते लिहिलंय.
कणगीत चार पोती मावतात
म्हणून रोज चार पोती शिजवतो का?
माल काय?"
"टोमॅटो. पिंपळगावचा. आठशे क्रेट."
"अन् येताना?"
"रिकामे पिंप."
"मग आकडे दोन लागतील," तो म्हणाला
आणि वाकून, पार खांदा आत घालून
मागच्या जोडीतलं आतलं चाक तपासू लागला.
"ह्याच्याकडं कुणी वाकत नाही. हेच उपाशी राहतं."

गोरखच्या खिशातून पिवळा खडू निघाला.
कुठल्या शाळेचा, ते आम्ही विचारलं नाही.
टायरवर आडवी रेघ ओढली,
गाडी वजनकाट्यापर्यंत नेली, परत आणली.
रेघ मधोमध पुसलेली, कडांना तशीच.
"पोट पुढं काढून चालतोय," मिस्त्री म्हणाला.
फुस्स.
पुन्हा रेघ, पुन्हा काटा.
पुन्हा फुस्स, जरा कमी.
तिसऱ्या खेपेला रेघ
या कडेपासून त्या कडेपर्यंत
सारखीच फिकट.

आकडा मी इथे सांगत नाही.
तो माझ्या गाडीचा, माझ्या ओझ्याचा.
तुमचा तुम्ही काढा.

कसाऱ्याचा घाट उतरून चहाला थांबलो.
गोरखनं गेज लावलं: बारा जास्त.
तो हवा सोडायला वाकला, मी हात धरला.
तापलेल्याची काढायची नाही,
गार झाल्यावर बघायचं, मिस्त्री बोलला होता.
भावाला लावायला काढलेला फोन
मी खिशात टाकला.

मिस्त्रीनं टायरच्या गालावर
खडूनं आकडा लिहून ठेवलाय.
गाडी चालू असली की तो वाचता येत नाही,
नुसतं पिवळं कडं फिरतं.
थांबलं की दिसतो,
कधी आडवा,
कधी उलटा.