एकेरी बोळ

रंगाचे रेणू दाटीनं बसले की विझतात.
बाटलीत गर्द शेंदरी, दिव्याखाली मुके.
वहीत चौथ्यांदा तीच नोंद : गर्दी. प्रकाश नाही.

मुल्लाणी मॅडम म्हणाल्या, दगडात भर.
दगड म्हणजे झिओलाइट, पिठासारखी पूड,
कणाकणात आरपार बोळ,
एवढे चिंचोळे की रेणूला कूस बदलता येत नाही,
शेजारी दुसरा मावत नाही.
(शाहूपुरीत कॉट बेसिसवर आम्ही सहाजणी.)

याच्याच भावकीतले स्फटिक
पन्हाळ्याखालच्या खाणीत
काळ्या पाषाणाच्या पोटात सापडायचे.
खडीसाखर समजून मी एक चाटलेला.
चव नव्हती.

आधी भट्टी. आतलं पाणी हाकलायचं,
जुना भाडेकरू गेल्याशिवाय नवा येत नाही.
मग दोन दिवस रंगाची वाफ.
मग धुणं, परत धुणं,
बाहेर चिकटलेलं सगळं निघेस्तोवर.
शेवटी बोळाच्या तोंडाला बूच :
आत निळं घेणारे, टोकाला तांबडे,
मधल्यांनी फक्त हातातलं पुढं द्यायचं,
न सांडता.

साडेदहाला संपत कुलूप घेऊन दारात.
"आटपा की ताई, शेवटची बस गेली तुमची."
मी ट्यूब बंद केली,
जांभळा दिवा लावला.

काचेवर चिमूटभर तांबडं.
चुलीतल्या इंगळागत, पण गार.

"ह्यात काय जळतंय?"
काही नाही.
"मग?"

मला नीट सांगता येईना.
त्यानं कुलूप खिशात टाकलं,
स्टूल ओढलं.
वहीत मी तारीख लिहिली,
पुढची ओळ अजून कोरी आहे.